गव्हाचं सत्त्व

बजाजनगर, औरंगाबाद
२२ जून २००३

साळू,

हे पत्र दोन पानांचं आहे. पहिलं पान आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. दुसरं तुझ्यापाशी ठेव.

ती. आत्याबाईंना आशाचा नमस्कार. आम्ही दोघं इथं बरे आहोत. ह्यांना कंपनीत आता दिवसपाळी मिळाली आहे. तुम्ही ह्यांच्याबरोबर दिलेली तुरीची डाळ पोचली. मी औरंगपुऱ्यात लहान मुलांच्या दवाखान्यात केसपेपर काढायला बसते, ते तुमच्या कानावर असेलच. निकिताला खाल्ल्यावर मळमळतं असं हे म्हणाले. आमच्या मॅडमच्या हाताला गुण आहे. साळू पोरीला एकदा दाखवून गेली तर बरं होईल. मामंजींच्या गुडघ्याला आराम असावा. कळावे.

आता मनात वाच.

आपण दोघी जावा, पण बोलणं कधी झालंच नाही. तू या घरात आलीस त्याच्या तीन वर्षं आधी मी बाहेर पडले होते. कन्नडला एका लग्नात तू लांबून हात जोडलेस, मी मान हलवली, तेवढीच आपली ओळख. फोन केला तर बद्रीनाथ भाऊजी उचलतात आणि माझा आवाज ओळखला की ठेवून देतात. म्हणून पत्र लिहिते आहे.

निकीचं ह्यांनी सांगितलं ते जेवता जेवता, सहज. "बद्रीची पोरगी खाल्लं की डोकं गुडघ्यात घालून बसती. मग ओकती. हातपाय काटक्या झाल्यात, पोट तेवढं पुढं आलंय." एवढं बोलून त्यांनी वरण मागितलं. मी वाढलं नाही. मग तेही पुढं जेवले नाहीत. ज्याचं नाव काढायचं नाही असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं आहे, ते त्यांच्या तोंडून निसटलं होतं.

डोकं गुडघ्यात घालून बसायची ती आमची कौसा.

तिच्याबद्दल तुला तिथं काय सांगितलं गेलंय मला माहीत नाही. ती आत्याबाईंची पहिली नात. त्यांनीच तिला आपल्या आईचं नाव ठेवलं. शाळेत घालायच्या वयाची झाली आणि गेली. खाल्लं की मळमळ, खाल्लं की मळमळ, असं करत करत लेकरू संपलं. मला आता एवढंच विचारायचं आहे. निकीचं शौचाला पांढरट, घाण वासाचं होतं का? केस हातात येतात का? पोळी खाताना रडते का?

मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न बघता मी काही बोलणार नाही, आशाबाई. मुलं शंभर कारणांनी ओकतात. जंत असतात, पाणी खराब असतं, कुणाला दूध सोसत नाही, पोट साफ नसलं तरी मळमळतं. काही मुलं तर घरातल्या भांडणांनी ओकतात. आणा तिला."

तुझं माहेर करमाडला. जायचं तर औरंगाबादवरूनच जावं लागतं. भाऊजींना माझं नाव सांगू नकोस. दवाखाना सकाळी उघडतो.

तुझी
आशा


१४ जुलै २००३

साळू,

रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला. आधी ते लिहिते, मग बाकीचं.

निकीला गहू सोसत नाही. सोसत नाही म्हणजे पित्त होतं तसं नाही. गहू पोटात गेला की तिच्या आतड्यांना आतून जखम होत जाते. मग बाकीचं खाल्लेलंसुद्धा अंगी लागत नाही. हे तिच्या जन्माबरोबर आलं आहे, घराण्यातून येतं, आणि जन्मभर राहणार आहे. औषध नाही. पण गहू पूर्ण बंद केला तर पोरगी चांगली होते. चांगली म्हणजे तुझ्यामाझ्यासारखी. आमच्याकडं इंजेक्शन देणारी वहिदा आहे ना, तिच्या शफीला हेच आहे. तो आता सातवीत आहे आणि आईला उलटून बोलतो, इतका चांगला आहे.

पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, खारी, बिस्कीट, यातलं काही नाही. चहात बुडवूनसुद्धा नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, दूध, अंडी चालतात.

त्या दिवशी दवाखान्यात तू समोर बसली होतीस ते सारखं डोळ्यांपुढं येतं. मॅडमनी निकीला विचारलं, "काय खायला आवडतं गं तुला?"

"भाकर."

"आणखी?"

"भाकरीचा पापुद्रा."

तू लाजून लाल झालीस. "मॅडम, आमच्यात रोज पोळी असती हो. हिलाच भिकेचे डोहाळे."

वहिदा हसली. मॅडम हसल्या नाहीत. मीही केसपेपरवर मान खाली घातली, कारण कौसा गड्याच्या फडक्यातली भाकरी चोरून खायची. आत्याबाई म्हणायच्या, "रामकिसनची लेक अन् गड्याचं खाणं मागती, नाव बुडवलं गं." मग तिला जवळ ओढून तुपातल्या पोळीचा घास भरवायच्या. लेकरू तो घास गालात धरून बसायचं.

असलं काही निघालं तर आत्याबाईंना कसं सांगायचं, ते तू जाताना विचारलं होतंस. मी खूप विचार केला. त्यांना सगळं सांगू नकोस. गहू उष्ण पडतो, पोरीच्या अंगात उष्णता आहे, डॉक्टरांनी वर्षभर बंद सांगितलाय, एवढंच सांग. तपासणीचं, घराण्याचं काही काढू नकोस. हे मी लिहिल्याचं तर नकोच.

का, ते आज ना उद्या तुला कुणीतरी सांगेल, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. कौसा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी भावकीतल्या बाया भेटायला आल्या होत्या. सगळी ओसरी भरली होती. आत्याबाई मला चहा घे म्हणाल्या. मी तो कप अंगणात फेकला आणि म्हणाले, "तुमच्या हातचं खाऊन माझं लेकरू गेलं. तुम्ही काय घातलं तिला?" त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता पुन्यांदा हा उंबरा चढू नको." मी चढले नाही.

पण बाया ऐकून गेल्या होत्या. त्यानंतर देवगावात कुणी आपलं मूल आत्याबाईंच्या हातून खाऊ दिलं नाही. हे दरवेळी तिकडून आले की काहीतरी सांगायचे. हळदीकुंकवाला लेकुरवाळ्या येईनात. समोरच्या आवडाबाईनं नातवाच्या हातातला लाडू काढून घेतला. निकी जन्मली तेव्हा आठवड्यात चारदा एसटीडीवरून ह्यांना आत्याबाईंचे फोन आले, तेवढे आधी वर्षात येत नव्हते. निकी त्यांच्या हातचं खाते. इतक्या वर्षांत ती पहिली.

आता त्यांना कोण सांगणार, की पोरीला तुमच्या हातचं बाधतंय? आणि तेही माझ्याकडून आलेलं?

उष्णता म्हण. तेवढं पुरे.

आशा


३ ऑगस्ट २००३

साळू,

तुझं पोस्टकार्ड दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. मॅडमनी माझ्या हातात देताना मागची बाजू वाचली नाही, ह्याबद्दल त्यांचे उपकार.

निकी तशीच आहे हे वाचून मी आधी मॅडमवर संशय घेतला, मग मुंबईच्या रिपोर्टवर. मग तू खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. "आत्याबाई म्हणाल्या, गहू उष्ण असंल, पण सत्त्व थंड असतं. उष्णतेवर सत्त्वच द्यावं लागतं. रोज सकाळी वाटीभर देत्यात. मी काय बोलू?"

साळू, माझ्या लबाडीनं पोरीच्या तोंडाशी वाटी गेली.

सत्त्व ताबडतोब बंद. ते गव्हाचंच आहे. गव्हाचं पोट आहे ते.

तू ते करताना पाहिलं असशील. कौसाच्या वेळी मी रोज पाहत होते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पाट्यावर वाटून चीक काढायचा. आत्याबाई मिक्सरला हात लावू द्यायच्या नाहीत. मामंजींच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं त्यासाठी वेगळं ठेवलेलं असायचं. गाळलेलं पाणी रात्रभर निवळायचं, खाली बसलेला पांढरा गोळा परातीत पसरून उन्हाला, वर साडीचा पदर, माशी बसू नये म्हणून शेजारी त्या स्वतः. मोठ्या बाईनं वाळवणाशेजारी बसून राहावं, असं घरात दुसऱ्या कशासाठी झालं नाही. कौसा जितकी वाळत गेली तितकं सत्त्व वाढत गेलं. आधी सकाळी, मग दोन वेळा, शेवटी शेवटी तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं म्हणून तेवढंच.

आणि आणखी एक. वहिदाला मी तुझं कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गेहूँ बंद किया, अच्छा किया. पर आटा कहाँ पिसता? चक्की का सोची क्या तू?" मी सोचलं नव्हतं. तुमच्याकडं ज्वारी दळायला कडूबाच्या गिरणीत जाते. आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा उतरलेला असतो. त्याचं पीठ पाळूच्या दगडाला, पट्ट्याला, खालच्या पिशवीला चिकटलेलं असतं. ते सगळं तुझ्या ज्वारीत येतं. निकीला बाधायला तेवढंही पुरतं. वहिदा शफीचं पीठ घरीच दळते.

गोठ्याच्या भिंतीला एक जातं पालथं पडलेलं असायचं. अजून आहे का? असेल तर पाथरवटाकडून छिन्नीनं टाकी लावून घे, खळखळून धू, आणि त्यावर फक्त ज्वारी दळ. कष्ट आहेत. पण कर.

तू विचारलंस की कौसालाही हेच होतं का. कौसाची तपासणी कधी झाली नव्हती. त्या वेळच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग टॉनिक दिलं. न तपासता कसं सांगणार? आता त्याचा विषय नको. तू निकीचं बघ.

आशा


२४ ऑगस्ट २००३

साळू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. उष्णतेचं माझ्याकडून आलंय हे आत्याबाईंनी ओळखलंच. आत्याबाईंचं बोलणं तू त्यांच्याच शब्दांत उतरवलंस, बरं केलंस. पुन्हा इथं लिहिते, म्हणजे मला पळता येणार नाही.

"आशीला लिव. उष्णता-बिष्णता मला सांगू नको म्हणावं, म्या बी चार लेकरं वाढवलीत. मागं कौसाला जे व्हतं तेच हिला हाय का, व्हय का नाय, एक शबुद लिव. व्हय असंल तर गव्हाचा दाणा ह्या पोरीच्या अंगाला लागू देणार नाय. नाय असंल तर पोळा झाला की म्या सत्त्वाला गहू भिजू घालते. पोरगी डोळ्यादेखत चाललीय, म्या गप बसू काय?"

आणि खाली तुझं. "बाई, मी काय करू सांगा. मी त्यांच्या हातातली वाटी किती दिवस ओढू?"

आता पुढचं सगळं मोठ्यानं वाच. काही गाळू नकोस, मध्ये थांबू नकोस. त्या उठून गेल्या तर मागं जाऊन वाच.

आत्याबाई,

व्हय.

तपासणी झाली नव्हती हे खरं. म्हणून मी इतके दिवस त्याच्याआड लपले. पण मी ह्या दवाखान्यात पाच वर्षं बसते. असली लेकरं माझ्या टेबलासमोरून गेलीत. ते पोट, त्या काटक्या, ते गुडघ्यात घातलेलं डोकं मला दारातून ओळखू येतं. मॅडमना मी कौसाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक तेच. खात्रीनं आता कोणीच सांगू शकत नाही." ती खात्री मी देते. एकाच घराण्यातल्या दोन नाती, एकच दुखणं.

गहू होता, आत्याबाई. पोळी होती, तुपातला घास होता, सत्त्व होतं.

मी तिसऱ्या दिवशी ओसरीत जे विचारलं ते तुम्ही विसरला नसाल. तुम्ही काय घातलं तिला. मी तेव्हा तुम्हाला वैरीण समजून विचारलं होतं. आता मला उत्तर माहीत आहे आणि त्यात वैर कुठंच नाही. लेकरू वाळत होतं म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात कष्टाचं तुम्ही तिच्या तोंडात घातलंत. तिला जगवायला. मीही घातलं. दुपारी तुम्ही पडलेल्या असायचात तेव्हा मी तिला बिस्कीट दुधात कालवून द्यायचे, तुमच्या नकळत, कारण मला वाटायचं तुमच्या सत्त्वानं काही होत नाही. ती नको नको म्हणायची आणि मी दटावून भरवायचे. तिचे वडील पाळी करून शनिवारी यायचे ते हातात पावाची लादी घेऊन. आपण तिघांनी मिळून तिला खाऊ घातलं.

तिला ज्वारीची भाकरी हवी होती. ती मागत होती. आपण हसत होतो.

मला हे लिहायचं नव्हतं. साळूनं पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मी व्हय म्हणायला हवं होतं. तुमच्यावर दया करावी असं मला वाटलं, आणि त्या दयेत निकीच्या वाट्या भरत राहिल्या. तुम्ही एक शब्द मागितलात म्हणून बरं झालं.

आता गहू भिजत घालू नका. पोळ्याला पुरणपोळ्या होतील, त्या दिवशी पोरीला चुलीपासून लांब ठेवा, परातीजवळसुद्धा नको. तिच्यासाठी आधी भाकरी करून घ्या. तिचा तवा वेगळा करा.

आशा


२६ सप्टेंबर २००३

आत्याबाई,

हे पत्र तुम्हालाच आहे. साळू वाचेल, पण आता लपवायचं पान नाही.

हे पित्रांचं करून काल परत आले. दारातच चपला काढायच्या आधी म्हणाले, "निकीनं मला पळत येऊन धरलं. पळत." मग आत येऊन बसले. मी विचारत गेले तसं एकेक सांगितलं.

जात्याला टाकी लावून आणली, ते सांगितलं. साळूनं दळायला घेतलं तर तुम्ही तिला उठवता आणि स्वतः बसता, मामंजी ओरडतात तरी ऐकत नाही, हे सांगितलं. तुमच्या तळहातांना फोड येऊन फुटलेत म्हणे. "आत्याबाई ओव्या म्हणतात का?" मी विचारलं. तर म्हणाले, "नाय. तोंड मिटून दळती." घरात बाकीच्यांना पोळ्या होतात पण तुम्ही गव्हाचं तोंडात घालत नाही, हेही सांगितलं. पुरणपोळीसुद्धा तुम्ही बाजूला सारली.

दरवर्षी पितरपाटात कौसाच्या नावानं पत्रावळीवर सत्त्वाची खीर ठेवायचात. मी तिथं नसले तरी मला माहीत होतं. हे येऊन सांगायचे आणि मला वाटायचं, देखावा करतात. यंदा तुम्ही ज्वारीची भाकरी ठेवलीत. दुधात कुस्करून नाही, तशीच, वर पापुद्रा सोडवून ठेवलेला. एवढं सांगून हे उठले. ते मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कौसासाठी रडताना पाहिलं नव्हतं. काल पाहिलं असंही म्हणता येत नाही, नळ चालू होता.

पण ज्याच्यासाठी लिहिते आहे ते वेगळंच आहे. हे म्हणाले, "आई दळती सगळं, पण पोरीला भरवत नाय. साळू ताट वाढती, तवर आई उठून गोठ्याकडं जाती. निकी 'आज्जी भरव' म्हणती, तर आई तिकडं बघतच नाय. म्या म्हणलं, आई, अगं भरव की. तर म्हणली, 'ह्या हातानं नाय.'"

आत्याबाई, हे मी केलं. ओसरीत तुमच्या हाताचं नाव मी घेतलं होतं, भावकीदेखत. बायांनी आपली पोरं ओढून घेतली ती माझ्या शब्दावरून. आणि जी एक पोर तुमच्या हातची राहिली होती, तिला माझ्याच पत्रानं तोडलं. त्या पत्रात लिहिलं ते खरं आहे, त्यातला एकही शब्द मी मागं घेणार नाही, घेतला तर निकीचं काय होईल. पण हाताचा दोष नव्हता. हे तुम्हाला कळतं, तरी तुम्ही गोठ्याकडं जाता.

लिहून हे सुटणार नाही. म्हणून मी येते.

रविवारी सकाळच्या गाडीनं येईन. हे बरोबर आहेत. भाऊजींना सांगा, भांडायचं असेल तर भांडा, मी ऐकून घेईन. तुम्ही उंबरा चढू नको म्हणाला होतात. मी चढणार नाही. ओसरीच्या कडेला बसेन, रस्त्याच्या बाजूला, जिथं तेव्हा बाया बसल्या होत्या. रविवारी बाजाराला जाणारी माणसं तिथूनच जातात. आवडाबाईचं दार तर समोरच आहे.

माझ्यासाठी एक भाकरी थापा. तुमच्या पिठाची, तुमच्या हातची. साळूला थापू देऊ नका. निकीला माझ्याशेजारी बसवा. आधी मी खाईन, सगळ्यांना दिसेल असं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग तिला तुम्ही भरवा. नाही भरवलंत तरी मी तिथंच बसून राहीन.

भाकरी जाड थापा. कौसाला जाड लागायची.

आशा